तात्यांच्या बरण्या

आमच्या कारखान्याच्या स्टोअरच्या खिडकीत लोणच्याच्या अकरा काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या आहेत. नवीन माणूस हमखास विचारतो, "तात्या, कैरीचं की लिंबाचं?"

तात्या भामरे चष्म्यावरून बघतात. "चाखून बघ. जीभ परत मिळणार नाय."

बरण्यांत ॲसिड असतं, थिनर असतं आणि त्यात बुडवलेले रबराचे, प्लास्टिकचे, धातूचे तुकडे. ड्रममधून केमिकल काढायला कोणताही पंप घ्यायचं निघालं, की तात्या त्याचा एखादा वायसर मागवून बरणीत टाकतात. वर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. "पंधरा दिवस मुरू द्या." कंपन्यांच्या माहितीपत्रकांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "कागदाचं काय, तो थोडाच ॲसिडात बसणारे."

तात्या सटाण्याकडचे, दहावी नापास, इथे अंबडच्या कारखान्यात स्टोअरकीपर. मी विंचूरचा, बी.एस्सी. केमिस्ट्री, खरेदी विभागात. वडील लासलगावच्या मार्केटात हमाल. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे मी कुणालाही दोन मिनिटांत सांगतो. तात्यांनाही पहिल्याच दिवशी सांगितलं. तेव्हापासून त्यांनी माझं नाव घेतलेलं नाही. "काय ग्रॅज्युएट, डबा खाल्ला का?"

थिनरच्या ड्रमपाशी तर त्यांचा सोवळा कारभार. ठिणगीने भडका उडू नये म्हणून आधी ड्रमला अर्थिंगची तार चिमट्याने लावायची, मगच झाकण उघडायचं. एकदा तिथे मालकांचा मोबाइल वाजला. "हाई काय शे? बाहेर!" तात्यांनी मालकांना त्यांच्याच कारखान्यातून अहिराणीत हाकललं.

ॲसिड काढायची आमची पद्धत जुनी. नळीचं एक टोक ड्रममध्ये, दुसरं तोंडात. ओढायचं आणि तोंडात यायच्या आत सोडायचं. तात्यांनी हे वीस वर्षं केलं. त्यांचे पुढचे दात आता तांदळाएवढे उरलेत. सध्या हे काम किरण करतो. दोन मुलींचा बाप, कायम दात काढून हसणारा.

म्हणून तात्या दर वर्षी मागणी लिहीत. ॲसिडला प्लास्टिकचा पंप, थिनरला हवेवर चालणारा, ठिणगी न पडणारा. दर वर्षी ती परत येई. शेवटी मालकांनी दोन्हींसाठी मिळून एकच पंप आणला, चकचकीत स्टीलचा.

"स्टील आहे, तात्या!" मालक म्हणाले. "घरी दूध, पाणी, सगळं स्टीलमध्येच ठेवता ना?"

"आणि लोणचं, साहेब? ते वहिनी बरणीतच का घालतात?"

साहेब हसले आणि त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. 'पंप या केमिकलसाठी योग्य आहे.' खाली खरेदी विभागाची सही.

हायड्रोक्लोरिक ॲसिड स्टील खातं, हे मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकलो होतो. मी सही केली. इंग्रजीत, झोकदार.

तात्यांनी सही बघितली. पंपाच्या खोक्यातले स्टीलचे दोन जादा वायसर काढले, एक ॲसिडच्या बरणीत टाकला, एक साध्या पाण्याच्या. आणि दुसऱ्या दिवसापासून पंप स्वतःच चालवू लागले.

"किरण, जा, चहा घे."

"आत्ताच घेतला ना, तात्या."

"मग परत घे."

नऊ दिवसांत किरणने वर्षभराचा चहा प्यायला. आम्ही सगळे तात्यांना हसत होतो. मीसुद्धा.

दहाव्या दिवशी पंपाचा सांधा सुटला आणि ॲसिड तात्यांच्या डाव्या हातावर आलं. शेजारी नळाला पाइप त्यांनीच जोडून ठेवला होता, म्हणून हात राहिला. तीन बोटं आखडली.

दवाखान्यात मी माफी पाठ करून गेलो होतो. त्यांनी बोलूच दिलं नाही.

"बरणीतल्या वायसरचं काय?"

"नखाच्या कपच्याएवढा उरलाय, तात्या."

"तारीख लिहिली?"

पंप भंगारात गेला. साहेब म्हणाले, "पंपांचं काही खरं नाही, आपली जुनी पद्धतच बरी." मी दोन पंपांची मागणी तीन वेळा लिहून दिली. तिन्ही कागद साहेबांच्या खणात आहेत. नळी पुन्हा किरणच्या हातात आली.

तात्या कामावर आले. बरणीचं झाकण आता त्यांना उघडत नाही. साध्या पाण्याच्या बरणीतलं पाणी मीच बदलतो. आतला वायसर अजून नवा दिसतो. एकदा न राहवून मी माझं शिक्षण बाहेर काढलं. "ही तुलनेसाठी ठेवलीय ना, तात्या?"

"तुलना कसली, ग्रॅज्युएट. घरी कुणी नाय. इथं आलं की रोज काहीतरी खाल्लेलं, झिजलेलं बघायचं. सकाळी एक तरी वस्तू धड दिसावी."

तेवढ्यात किरण ॲसिडचा ड्रम उरकून आत आला. कोपऱ्यातल्या बेसिनवर त्याने दोनदा चूळ भरली आणि तोंडभर हसत म्हणाला, "तात्या, आज लोणचं जरा जास्तच आंबट होतं!"

सगळे हसले. तात्या हसले नाहीत. ते किरणच्या दातांकडे बघत होते.