सरासरी दहा मिनिटांचं विमान

ज्या संस्थेत भांडणं होत नाहीत, त्या संस्थेत कोणीतरी सरासरी काढलेली असते. सरासरी ही अत्यंत सभ्य गोष्ट आहे. ती मोठ्याला कमी लेखत नाही, लहानाला आपण लहान आहोत हे कळू देत नाही, आणि दोघांच्या मधोमध अशा जागी जाऊन उभी राहते, जिथे प्रत्यक्षात कोणीच नसतं. रेडिओवर चालणारी छोटी विमानं उडवणाऱ्या एका हौशी मंडळाने हे तत्त्व अकरा महिन्यांपूर्वी स्वीकारलं. तेव्हापासून मंडळात एकही भांडण झालेलं नाही. विमान मात्र सतरा वेळा पडलं. (इतिवृत्तात 'पडलं' हा शब्द सापडणार नाही. तिथे 'मुदतपूर्व अवतरण' असं आहे.)

मंडळाचं हे मोठं विमान पंख पसरले की उभ्या माणसाएवढं भरतं. एका बॅटरीने ते जागचं हलत नाही, म्हणून दोन बॅटरी पॅक एकामागे एक जोडावे लागतात. पहिला पॅक अध्यक्षांनी दिला. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. दिला तो तीन हजारांचा, भरभक्कम. दुसरा सचिवांनी दिला. सचिव म्हणजे गणिताचे निवृत्त सर. त्यांचा एक हजाराचा, घरातल्या मोडक्या विमानातून काढलेला. आता हा आकडा म्हणजे पॅकमध्ये वीज किती मावते त्याचं माप. पण देणगीला माप लावू नये, असा मंडळाचा संस्कार. दोघांची नावं दोन पंखांवर सारख्याच उंचीच्या अक्षरांत रंगवण्यात आली.

मग प्रश्न निघाला, की विमान हवेत किती वेळ ठेवायचं. डॉक्टरांच्या पॅकच्या हिशोबाने पंधरा मिनिटं, सरांच्या पॅकच्या हिशोबाने पाच. पंधरा म्हणावं तर सरांचा पॅक लहान हे चारचौघांत उघडं पडतं. पाच म्हणावं तर डॉक्टरांच्या औदार्यातली दहा मिनिटं पाण्यात. छपाईच्या दुकानावरच्या मंडळाच्या खोलीत यासाठी बैठक भरली. शेवटी सर उठले, खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: तीन हजार अधिक एक हजार, भागिले दोन. उत्तर दोन हजार. म्हणजे दहा मिनिटं.

टाळ्या झाल्या.

त्या वेळी एका बाळाची आई दाराशी बाबागाडी मागेपुढे करत उभी होती. विमान उडवण्याचं काम तिच्या नवऱ्याकडे होतं, म्हणून मंडळात सगळे तिला वहिनी म्हणत. कॉलेजात तिने पदार्थविज्ञान घेतलं होतं, चांगले गुणही मिळवले होते. पण बाळ झाल्यापासून जगातल्या यच्चयावत वस्तूंकडे ती दोनच प्रश्न घेऊन पाही: हे बाळाच्या अंगावर पडेल का, आणि हे बाळ गिळेल का. (जगातल्या बहुतेक वस्तू या दोन प्रश्नांत बसतात.)

"सर," ती म्हणाली, "दोन बादल्या आहेत समजा. एक मोठी, एक छोटी. दोघींच्या बुडाला सारखंच भोक. छोटी आधी रिकामी होणार की नाही? आणि काम तर दोघींनी मिळून करायचंय. मग मोठीत पाणी उरून उपयोग काय?"

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "उदाहरण छान आहे, वहिनी. पण विमानात पाणी नसतं."

इतिवृत्तात नोंद झाली: वहिनींनी बादल्यांबाबत माहिती दिली. आभार. त्याच बैठकीत, त्यांची आस्था पाहून, त्यांना वेळनोंदणीचं काम देण्यात आलं, कारण मैदानावर त्या नाहीतरी नुसत्याच बसलेल्या असतात. (मांडीवर बाळ, खांद्याला पिशवी, एका हातात दुधाची बाटली, दुसऱ्या हातात बाळाने फेकलेलं टोपडं, अशा नुसत्याच.)

अकरा महिन्यांत सतरा उड्डाणं झाली. कारणांच्या रकान्यात पुढीलप्रमाणे नोंदी आहेत: वारा, नऊ वेळा. कावळा, चार वेळा. वैमानिकाची मान अवघडणे, तीन वेळा. प्रेक्षकांतून शिंक, एकदा. शेजारच्या रकान्यात बाळाच्या आईच्या अक्षरात वेळा आहेत. सर्वांत कमी चार मिनिटं बावन्न सेकंद, सर्वांत जास्त पाच मिनिटं नऊ सेकंद. हे दोन रकाने एकत्र वाचण्याची मंडळात पद्धत नाही.

"अरे, सतराच्या सतरा वेळा पाचव्या मिनिटाला?" तिने घरी नवऱ्याला विचारलं.

"वारा साधारण तेव्हाच सुटतो."

"वाऱ्याकडे घड्याळ आहे?"

"तुला प्रत्येक गोष्टीत धोका दिसतो. परवा म्हणालीस, चमचा टोकदार आहे."

"होताच टोकदार."

"सूपचा चमचा होता तो."

चमच्याची बाजू खरोखरच लंगडी होती. माणसाची एक भीती खोटी ठरली की बाकीच्या भीत्याही त्याच खात्यात जमा होतात, हे तिला एव्हाना कळलं होतं.

प्रकरण इथवरच राहिलं असतं. पण मंडळाने कुटुंबमेळावा ठरवला, आणि खुर्च्या कुठे मांडायच्या हा प्रश्न सरांकडे गेला. सरांनी आळस केला नाही. सतरा अवतरणांच्या जागा त्यांनी नकाशावर मांडल्या: नऊ मैदानाच्या डाव्या टोकाला, गोदामाच्या भिंतीजवळ, आठ उजव्या टोकाला, झाडांखाली. (वळताना विमानाला जास्त जोर लागतो आणि वळणं टोकांनाच असतात, ही बारीकशी गोष्ट नकाशावर दाखवण्याची सोय नव्हती.) डाव्या-उजव्याची सरासरी निघाली मैदानाच्या बरोबर मधोमध. तेव्हा मध्यभाग अतिधोक्याचा म्हणून चुन्याने आखून घेण्यात आला आणि प्रेक्षकांच्या त्रेचाळीस खुर्च्या सुरक्षित जागी, म्हणजे उजव्या टोकाला झाडांखाली मांडायचं ठरलं. पहिली रांग लेकुरवाळ्यांसाठी राखीव, कारण मंडळ सहृदय आहे.

बाळाच्या आईने लेखी अर्ज केला: खुर्च्या मधोमध मांडाव्यात.

"मधोमध?" सरांनी चष्मा काढला. "वहिनी, विमान पडण्याची सरासरी जागाच ती आहे."

"पण तिथे ते एकदाही पडलेलं नाही, सर."

"म्हणून तर म्हणतो. आता तिथेच पडायची पाळी आहे."

डॉक्टर मधे पडले. दात काढण्यापूर्वी पेशंटशी बोलतात तसे ते बोलले. "वहिनी, अजिबात काळजी करू नका. तांत्रिक बाबी आमच्यावर सोडा. तुम्हाला उपाहार समिती दिलेली आहे ना? चहा कधी द्यायचा, कुठे द्यायचा, यात आम्ही कोणी ब्र काढणार नाही."

उपाहार समितीत ती एकटीच होती. तिने तिथल्या तिथे समितीची बैठक घेतली. ठराव एकमताने मंजूर झाला.

मेळाव्याच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं आणि वारा अजिबात नव्हता. (कारणांच्या रकान्याची त्यामुळे जरा पंचाईतच झाली.) त्रेचाळीस माणसं झाडांखाली बसली, विमान उडालं, बाळाच्या आईने घड्याळाची कळ दाबली. गवतात चाकं रुततात म्हणून बाबागाडी पहिल्या रांगेशीच ठेवून तिने बाळाला कडेवर घेतलं आणि ती चुन्याच्या रेषा ओलांडून मैदानाच्या मधोमध गेली. अतिधोक्याच्या बरोबर केंद्रबिंदूवर टेबल होतं, टेबलावर चहाचा थर्मास आणि बिस्किटांची ताटं. विमान डावीकडे कोसळेल की उजवीकडे, हे तिला माहीत नव्हतं. इथे नाही, एवढंच माहीत होतं.

चार मिनिटं तीस सेकंद. "चहा तयार आहे," ती झाडांकडे बघून मोठ्याने म्हणाली.

याउपर काही करावं लागत नाही. अर्ज, आकडे आणि पदार्थविज्ञान यांनी अकरा महिन्यांत जे साधलं नाही, ते बारा सेकंदांत झालं. बेचाळीस माणसं चालत, नंतर जरा घाईने चालत, टेबलाशी आली. काहींचे पाय चुन्याच्या रेषेपाशी अडखळले, पण पुढच्याच्या हातात बशी दिसली.

डॉक्टर तेवढे पहिल्या रांगेत बसून राहिले. अध्यक्षांनी चहासाठी उठू नये, चहाने यावं, असा शिष्टाचार आहे.

चार मिनिटं बेचाळीस. विमान डाव्या टोकाला वळून परत येत होतं.

"डॉक्टर," तिने शक्य तितक्या सहज आवाजात हाक मारली, "बिस्किटं संपत आलीत."

"गोड नको मला. दातांना वाईट."

"क्रीमची आहेत. दोनच उरलीत."

डॉक्टर उठले. मानाने, पण लांब ढांगा टाकत.

चार मिनिटं अठ्ठावन्न. उजव्या टोकाला विमान वळलं, आणि मोटारीचा आवाज, वाक्य अर्धवट सोडून माणूस उठून जावा तसा, थांबला. विमान पहिल्या रांगेवर आलं. दोन खुर्च्या मोडल्या. सरांचं नाव असलेला पंख रिकाम्या बाबागाडीत बाळाच्या उशीवर जाऊन पडला.

आपलं खरं ठरल्याचा आनंद तिला झाला नाही. तिने बाळाला इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं, आणि मग लोकांचं लक्ष तिकडे गेलं, बिचारं बाळ घाबरलं म्हणून.

चौकशी त्याच संध्याकाळी झाली. अहवाल मोठा समतोल आहे. उपस्थित त्रेचाळीस, जखमी शून्य, म्हणजे माणशी सरासरी इजाही शून्य. कारण: चहा वेळेआधी दिल्याने वैमानिकाचं लक्ष विचलित. शिफारस: चहामुळे प्रेक्षक बचावले असल्याने यापुढे प्रत्येक उड्डाणात साडेचाराव्या मिनिटाला मैदानाच्या मधोमध चहा अनिवार्य. एकाच कागदावर चहा अपघाताला कारणही ठरला आणि तारणहारही. सरासरीने निर्दोष सुटला. उड्डाणाचा कालावधी दहा मिनिटं कायम. वहिनींना प्रशस्तिपत्र.

घरी आल्यावर नवऱ्याने बाल्कनीत मोडकं विमान उघडलं. सरांचा पॅक उशीसारखा टम्म फुगला होता. फुगलेला पॅक पेट घेऊ शकतो, म्हणून तिने आधीच वाळूची बादली आणून ठेवली होती. पॅक चिमट्याने उचलून तिने तीत पुरला. डॉक्टरांचा पॅक नवऱ्याने मीटर लावून तपासला, आणि मग पुन्हा एकदा तपासला.

"तुझं बरोबर होतं गं," तो म्हणाला. "मोठ्यात अजून दोन तृतीयांश शिल्लक आहे. दोघांकडून सारखंच काम घेत होतो आपण. लहान बिचारा संपला, संपल्यावरही ओढला गेला, आणि मोठ्याला पत्ताच नाही."

"हो," ती म्हणाली.

आत बाळ रडायला लागलं.

"घेतेस का जरा?" तो म्हणाला. "मी आज फार दमलोय."

ती आत गेली.

वाचकांना हे मंडळ हास्यास्पद वाटलं असेल, आणि सुशिक्षित वाचकांना तसं वाटणं साहजिकच आहे. अशा वाचकांनी एक किरकोळ आकडेमोड करून पाहावी. काल घरात कोण किती तास झोपलं त्याची बेरीज करावी आणि मोठ्या माणसांच्या संख्येने भागावी. उत्तर सहाच्या आसपास येईल. सहा ठीक आहे. घर सुरळीत चाललंय, काळजीचं कारण नाही. फक्त एवढंच पाहावं, की ही गोष्ट पहिल्यापासून इथपर्यंत, मधे एकदाही न उठता, घरात कोणाला वाचायला मिळाली. तो मोठा पॅक. लहान पॅकनेही ती वाचायला घेतली होती. पहिल्या परिच्छेदात खूण घालून तो उठला आहे, कारण गॅसवर दूध होतं.