सुकुमारीचा तेलकट चेहरा

एका जंगलात, मुलांनो, एक डबकं होतं. कुठलं जंगल ते विचारू नका. पत्ता सांगितला की तिथे लगेच रिसॉर्ट होतं.

त्या डबक्यात सुकुमारी नावाची बेडकी राहायची. आईबापांनी नाव ती अंड्यात असतानाच ठेवलं होतं, म्हणजे चेहरा बघायच्या आधी. चेहरा तेलकट. गालांवर पुळ्या, कपाळावर पुळ्या, पाठीचं तर विचारूच नका. त्या घराण्यात सगळेच तसे. पुळ्यांतून कडूजहर तेल पाझरायचं. सापाने तोंडात धरलं की तो लगेच थुंकून टाकायचा. त्यामुळे त्या घरात सगळे म्हातारे होऊन मरायचे.

"तुझ्या मावशीला सापाने थुंकून टाकलंय, माहितीये?" आई अभिमानाने सांगायची.

"म्हणजे सापालासुद्धा ती आवडली नाही!" असं म्हणून सुकुमारी रडायला लागायची.

आता रडायला आणखी एक कारण होतं. कमळाच्या तळ्यातलं स्थळ आलं होतं. मुलगा हिरवागार, तुकतुकीत. मुलाची आई सुकुमारीला बघून गेली आणि जाता जाता म्हणाली, "मुलगी गुणी आहे हो. पण तोंडाचं काहीतरी करा. एक्सफोलिएशन वगैरे. आम्ही थांबतो थोडं."

एक्सफोलिएशन म्हणजे वरची कातडी खरवडून काढणं. पण नुसतं खरवडणं म्हटलं तर कोण पैसे देईल?

सुकुमारी आधी साळिंदराकडे गेली. त्याने नदीची वाळू घेतली आणि करपलेलं पातेलं घासावं तसं तिला घासलं. चेहरा लाल झाला. पुळ्या दुप्पट झाल्या.

"आतली घाण बाहेर येतेय," साळिंदर म्हणाला. "घासत राहायचं."

मग ती लाल मुंग्यांकडे गेली. त्यांचं काम ॲसिडचं.

"जळतंय!" ती ओरडली.

"जळतंय म्हणजे लागू पडतंय. आणि आमचं सगळं नैसर्गिक असतं बरं का."

नैसर्गिक म्हटल्यावर ती गप्प बसली. पुळ्या जागेवरच राहिल्या, डोळे तेवढे सुजले.

शेवटी तिने वारुळातल्या नागीण मॅडमचं क्लिनिक निवडलं. दाराशी मॅडमची जुनी कात टांगली होती. त्यावर पाटी, 'आधी'. शेजारी मॅडम स्वतः बसल्या होत्या, लखलखीत.

"अगं, ती साप आहे!" आई म्हणाली.

"ती तज्ज्ञ आहे, आई. स्वतःची अख्खी कातडी उतरवते. तुला काय कळतं त्यातलं?"

आईला खरंच काही कळत नव्हतं. तिला फक्त जिवंत कसं राहायचं तेवढं माहीत होतं.

मॅडम फार गोड बोलल्या. त्यांनी सुकुमारीच्या गालावरून जीभ फिरवली. "घाबरू नका, ही तपासणी आहे. हं. फारच कडू. तेल मुळापासून काढावं लागेल."

मग दर भेटीत मॅडम एकेक थर काढायच्या आणि पुन्हा जीभ फिरवायच्या. "अजून जरासं कडू लागतंय. परत या."

"किती मन लावून करतात!" सुकुमारी घरी सांगायची. "दुसरी कुणी असती तर पहिल्याच भेटीत उरकून टाकलं असतं."

हळूहळू पुळ्या गेल्या, तेल गेलं. चेहरा असा झाला की माशी बसली तर घसरावी. मुलाची आई आली, बघून खूश झाली, लग्न पक्कं करून नारळ देऊन गेली.

ती गेल्यावर आईने लेकीच्या गालावरून हात फिरवला. मग हळूच बोट चाटलं. कडू नव्हतं. आईला रडू कोसळलं. सुकुमारीला वाटलं, लेक सासरी जाणार म्हणून रडतेय.

"एकच भेट राहिलीय, आई. ही तर मॅडम फुकट करणार आहेत."

मॅडमनी कपाळ चाटून पाहिलं, गाल पाहिले, पाठ पाहिली.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता अगदी हवी तशी झालीस."

"थँक यू, मॅडम," सुकुमारी म्हणाली. इतकी सभ्य बेडकी मॅडमनी आजवर गिळली नव्हती.

कमळाच्या तळ्यातल्यांनी जरा वाट पाहिली, मग दुसरी मुलगी बघितली. तिच्याही गालावर काहीतरी होतं. त्यांनी तिला वारुळाचा पत्ता दिला.

वारुळावर आता नवी पाटी आहे. 'आजवर एकाही ग्राहकाची तक्रार नाही.' पाटी खोटी नाही, मुलांनो. खाली बेडक्यांची रांग असते. सुकुमारीची आई रोज तिथे जाते आणि ओरडते, "अगं पोरींनो, माझी लेक आत गेली ती बाहेर आलीच नाही!"

"काकू, मध्ये घुसू नका, रांगेत या," पोरी म्हणतात. "तुमच्या चेहऱ्याला तर फारच गरज आहे."

तात्पर्य: कडू आणि खडबडीत माणूस कुणालाच गिळवत नाही. म्हणून मुलांनो, त्वचेची वेळच्या वेळी निगा राखा. आपल्यामुळे कुणाच्या तोंडाची चव जाता कामा नये.