अठ्ठावीस मार्कांचा रिपोर्ट

महाडच्या मे महिन्यात स्वेटर आणि कानटोपी घालून हिंडणारा मनुष्य एकच आहे. तो माझ्या समोर राहतो. सकपाळ गुरुजी. पोलादपूर तालुक्यात, कुडपणच्या पठारावर त्यांनी तीस वर्षे शिकवले. "तिथली थंडी हाडात मुरली हाय, भाऊसाहेब. पुढचा प्रश्न!" एवढ्यावर ते विषय मिटवतात.

हाती येईल तो कागद ते तांबड्या शाईने तपासतात. माझ्या पुतणीच्या लग्नपत्रिकेला त्यांनी दहापैकी सहा दिले.

यंदा त्यांचा चेहरा सुजला, आवाज जड झाला. वर्तमानपत्र तपासताना पहिल्याच पानावर डोळा लागू लागला. मी दटावून त्यांना रक्त तपासायला धाडले. ते प्रसन्न मुद्रेने परतले. हातातल्या रिपोर्टात टीएसएच अठ्ठावीस, भोवती तांबडे वर्तुळ. शेजारी छापलेली वरची मर्यादा साडेचार.

"साडेचारला पास होते. आपण अठ्ठावीस काढले!"

मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेले.

"गुरुजी, वर्ग ढिम्म बसला की मास्तरांचा आवाज चढतो ना?" बाई म्हणाल्या. "तुमची थायरॉईड ग्रंथी ढिम्म बसली आहे. हा आकडा म्हणजे मेंदूचा चढलेला आवाज. थंडी, सूज, झोप, सगळं त्यातलंच. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. चहा अर्ध्या तासानं."

"म्हणजे कुडपणची थंडी नाय?" गुरुजी हिरमुसले.

दोन महिन्यांनी आकडा सव्वीस.

"गोळीवर लगेच चहा घेता?" बाईंनी विचारले. गुरुजी छताकडे पाहू लागले. उत्तर मला ठाऊक होते. माझी पत्नी वारल्यापासून रोज सकाळी सहाला ते किटली घेऊन माझ्याकडे येतात.

बाहेर पडताच मी खडसावले. "साडेसहाला या."

"नाय जमणार."

"मग गोळी साडेपाचला घ्या."

"जाग येत नाय हो. पावणेसहाला कसाबसा उठतो."

"मग साडेसहाला यायला काय हरकत आहे?"

ते थांबले. "मागं मी दोन दिवस कापडे गावाला गेलो होतो. दोन्ही दिवस तुमचं दार दुपारपर्यंत बंद. माझ्या बायकोनं बघितलं. सहाला हाक नाय आली, तर तुम्ही उठतच नाय, भाऊसाहेब."

मी रिक्षा थांबवली.

आता साडेपाचला मी त्यांचे दार ठोठावतो. ते अर्धवट झोपेत गोळी घेतात. मग अर्धा तास आम्ही त्यांच्या पायरीवर बसून राहतो.