अधिकाच्या जावयाची गाडी

मोटारसायकलच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवायचं नाही, असं महेंद्रचं ठाम मत होतं. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून आपण गाडीचं दुखणं ओळखतो, हे तो चहाच्या टपरीवर सांगायचा, लग्नाच्या पंगतीत सांगायचा, आणि एकदा तर मयतीलाही सांगत बसला होता! रहिमतपुरात हे सगळ्यांना पाठ झालं होतं. कुंडलला, म्हणजे त्याच्या सासुरवाडीत मात्र सासऱ्यांचा यातल्या एका अक्षरावर विश्वास नव्हता.

सासरे धोंडिराम म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. बर्फातनं ट्रक काढलेला माणूस! लग्नाआधीच त्यांनी लेकीला, नीलिमाला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पोरगा निर्मळ हाय, पर नुसता बोलतो गं. त्येला येतं काय, त्ये कळंना." नीलिमानं हे लग्नानंतर नवऱ्याला हसत हसत सांगितलं आणि ते महेंद्रच्या काळजात कुसळासारखं रुतून बसलं.

यंदा अधिक महिना आला आणि धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. अधिकातला जावई म्हणजे साक्षात विष्णू! दोघं नव्या मोटारसायकलवरून आदल्या संध्याकाळी कुंडलला पोचली. सासूबाई लक्ष्मीबाईंनी जावयाला ओवाळलं, लेकीला ओवाळलं, आणि ताट हातात आहेच तर गाडीलाही ओवाळलं. धोंडिरामांची थोरली बहीण बनुबाई यांनी हँडलला हा जाडजूड झेंडूचा हार गुंडाळला आणि बजावलं, "गाडी शिवंच्या भाईर जाईस्तवर हार काढायचा न्हाई!" हे कुठल्या पोथीत लिहिलंय, ते कुणी विचारलं नाही. बनुबाईंना काही विचारायची कुंडलात पद्धतच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवल घडलं. मळ्यातली पाण्याची मोटर चालू होईना. महेंद्रनं कान टवकारले आणि ठोकून दिलं, "स्टार्टरची वायर सुटलीय." उघडून बघतात तर खरंच सुटलेली! सगळ्यांत जास्त धक्का महेंद्रलाच बसला, पण त्यानं तो चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

दुपारी पंगतीत धोंडिरामांनी स्वतःच्या हातानं त्याच्या पानात धोंडा वाढला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "जावईबापू, मी तुमास्नी वळखलं न्हवतं. डोस्कं हाय तुमच्याकडं!" महेंद्रला भरून आलं. आता एवढं वाक्य जपून घेऊन रहिमतपूर गाठायचं, की जन्माचं सार्थक!

नीलिमा आत डबे भरत होती. महेंद्रनं गाडीला चावी लावली, दिवा लागला, स्टार्टरचं बटण दाबलं. गाडी हूं की चूं करीना! किक मारली. पुन्हा मारली. सगळी गल्ली दारात येऊन उभी राहिली.

"प्लगला कार्बन धरलाय," महेंद्र बेधडक म्हणाला आणि बाह्या सरसावू लागला.

"आँ!" बनुबाई किंचाळल्या. "अधिकाचा जावई हाताला काळं लावून घेतोय! गाव आमच्या त्वांडात शेण घालंल! बसा आधी खुर्चीत!"

"जावईबापू, तुमी फकस्त आर्डर सोडा," धोंडिराम म्हणाले. "ये जयराज, पाना घे."

जयराज म्हणजे नीलिमाचा भाऊ. त्यानं प्लग काढला. प्लग आरशासारखा लख्ख!

"मग पेट्रोलमध्ये कचरा," खुर्चीतून आदेश सुटला. जयराजनं पेट्रोलची नळी काढली, फुंकली, तोंडात पेट्रोल गेलं, चार वेळा चुळा भरल्या. कचरा काही निघाला नाही.

"बॅटरी ढिली असणार." सीट निघाली, बॅटरी निघाली, घासूनपुसून परत बसली. गाडी गप्पच.

"दाजी, आवाज ऐकून सांगता न्हवं?" जयराज घाम पुसत म्हणाला. "मग ऐका की!"

"अरे, आवाज यायला तर पाहिजे!" महेंद्र वैतागला.

जयराजनं चिडून जी किक हाणली, त्या दणक्यानं हार वर उसळला, आणि त्याच्याखाली महेंद्रला भलतंच दिसलं. हँडलच्या उजव्या मुठीपाशी इंजिन चालू-बंद करायचं, एक बाजू दाबली की दुसरी वर येणारं लाल बटण असतं ना, ते बंद होतं! हार परत खाली बसला.

आता तुम्हीच सांगा, हे बोलायचं कसं? प्लग काढला, नळी काढली, बॅटरी काढली, आणि बटण बघितलं नाही! दुपारचं ते वाक्य सासरे इथल्या इथं परत घेतील. छे! गुपचूप जाऊन बटण दाबायचं आणि बोलायचं नाही, एवढाच मार्ग उरला.

तो उठला.

"जावई उठलं!" बनुबाई ओरडल्या. "काय पायजे?"

"काही नाही, जरा गाडीजवळ..."

"उन्हात? बया बया! जयराज, दाजींची खुर्ची सावलीत घे! पंखा लाव!" खुर्ची महेंद्रसकट पार भिंतीशी गेली. गाडी आणखी लांब पडली. तो पाय मोकळे करायला म्हणून परत उठला, तर लक्ष्मीबाई अनारशांचं ताट घेऊन आडव्या आल्या. आणखी दोन अनारसे पोटात गेले, बटण जागच्या जागी.

तेवढ्यात धोंडिराम गाडीवर वाकून फौजी पद्धतीनं तपासणी करू लागले. टायर बघितले, चेन बघितली, हँडल चाचपलं, आणि घरात जाऊन पाणी पिऊन आले. येताना मिशीत हसत होते.

महेंद्रला एकाएकी युक्ती सुचली. "आत्याबाई, हार निसटाय लागलाय हो. खाली पडला तर?"

बनुबाई ताडकन उठल्या. "आगंबया! मग तुमीच नीट करा. जावयाचा हात लागला तर उलट लय चांगलं!"

महेंद्र तीरासारखा गेला. हाराखाली हात घातला, बटणाची वर आलेली बाजू अंगठ्यानं चाचपली आणि दाबली. टक्! अहाहा! तो परत येऊन खुर्चीत रेलला.

"जयराज, मार आता किक!" महेंद्र म्हणाला.

"व्हय, मार आता!" नेमकं त्याच क्षणी धोंडिरामही म्हणाले.

दोघांच्या आवाजात अशी काही खात्री होती, की जयराजनं उडी घेऊन किक मारली. गाडी गप्प!

महेंद्र सासऱ्यांकडे बघत राहिला. सासरे जावयाकडे बघत राहिले. दोघांचेही चेहरे उतरले होते. बटण तर झालं, आता म्हणजे गाडी खरोखरच बिघडली!

मग काय, तालमीतले चार पैलवान आले. जावयाला बसवायचं नाही म्हणून धोंडिराम स्वतः गाडीवर बसले. "धक्का!" असं फौजी आरोळीत म्हणाले आणि पैलवानांनी उतारावरनं जी गाडी सोडली, ती थेट स्टँडजवळ जाऊन थांबली. इंजिन काही बोललं नाही. तेच पैलवान गाडी आणि धोंडिराम दोघांना ढकलत वर घेऊन आले. मेकॅनिकही मलकापूरला धोंड्याच्या जेवणाला गेलेला. लक्ष्मीबाई पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "माझीच दृष्ट लागली गं गाडीला!"

तेव्हा नीलिमा डबे घेऊन बाहेर आली. तिनं सगळ्यांकडे बघितलं, डबे नवऱ्याच्या हातात दिले, हार मनगटानं वर सरकवला...

"हार!" बनुबाई.

"काढला न्हाई आत्या, सरकवलाय," नीलिमा म्हणाली. अंगठ्यानं काहीतरी दाबलं, स्टार्टरचं बटण दाबलं, आणि गाडी अशी गुरगुरली की पैलवान मागं सरले! "बसा मागं," ती नवऱ्याला म्हणाली. मांडीवर अनारशांचे डबे घेऊन अधिकाचा विष्णू निमूट मागं बसला. सासऱ्यांकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

गावाची शीव ओलांडल्यावर नीलिमाला हसू आवरेना. "अहो, काल रात्री गाडी चोरीला जाऊ नये म्हणून लाल बटण आबांनीच बंद केलं होतं! फौजेतली सवय. मघाशी आठवलं तसं गुपचूप चालू केलं, आणि आत येऊन आईला न् मला बजावलं, जावयाला कळू देऊ नका, माझी अब्रू जाईल. मला एवढंच कळेना, की परत बंद कुणी केलं?"

मागून फक्त डब्याचं झाकण उगाच उघडल्यामिटल्याचा आवाज आला.

"तुम्ही?" असं म्हणून ती एवढी हसली, की गाडी कडेच्या उसात जायची वाचली.

तेवढ्यात महेंद्रचा फोन वाजला. सासरे!

"जावईबापू, काय झालं असंल वो गाडीला?"

महेंद्रनं समोर बघितलं. उन्हानं रस्त्याचं डांबर पाघळत होतं. "मामा, हवा दमट आहे ना. ओल धरली असणार इंजिननं."

"व्हय व्हय! लय दमट हाय!" धोंडिराम सुटका झाल्यासारखे म्हणाले. "मीबी मघाधरनं त्येच म्हनतोय. पर जावईबापू, पुढच्या खेपंला एस्टीनंच या तुमी. एका गाडीला आपुन दोन जाणकार म्हंजी लय व्हतंय."