तिसऱ्या खोकल्यानंतर टाळी

माझ्यावर कोणीही विश्वास ठेवला नाही. नवऱ्याने नाही, पोटच्या मुलीने नाही, आणि मी रांधलेलं उकडलेलं बीफ तीनदा मागून खाणाऱ्या होणाऱ्या व्याह्यांनी तर मुळीच नाही. मी एवढंच म्हणत होते की माझा हिशेब चुकलेला नाही.

व्हिएन्नातल्या एका मोठ्या संगीत सभागृहात मी, ओटी क्रात्की, बावीस वर्षं लोकांचे कोट सांभाळते. (शाळा जेमतेम झाली. पण चारशे कोटांतून तुमचा कोट मी बिल्ला न बघता काढून देते.) आत बसून एकही कार्यक्रम ऐकलेला नाही. जे काही ऐकलं ते बंद दारातून. दारातून मोठे आवाज येतात, हळू आवाज येत नाहीत, आणि खोकला येतो. आमचे लोक वाजवणं चालू असताना जीव गेला तरी खोकत नाहीत. एक भाग संपला की मात्र सगळं सभागृह एकदम खोकून घेतं. सिम्फनीचे भाग चार. म्हणजे तीन खोकले, आणि चौथ्या वेळी टाळ्या. तिसरा खोकला ऐकला की मी कोट काढायला घेते. बावीस वर्षांत एकदा चुकले नाही.

नवखी माणसं मला विचारतात, बाई, पहिल्यांदा आलोय, काय ऐकावं? मी प्रोफेसरांसारखं बोलत नाही. कोट परत घेताना लोकांची तोंडं कशी असतात ते सांगते. हायडन ऐकून आलेल्यांना भूक लागलेली असते. ब्रुकनर ऐकून आलेले आधी स्वतःचे पाय शोधतात. ज्याला जे झेपेल ते त्याने ऐकावं.

तर आमच्या रेसीचं लग्न ठरत होतं. मुलगा लोरेंझ गुणी. त्याचा बाप हिर्झेगर स्टायरियाच्या डोंगरातला खाटीक. हात परातीएवढे. त्याला ही सोयरीक नकोच होती. शहरातली माणसं आपल्याला हसतात, हे त्याचं ठाम मत. एकदा येऊन बघतो, म्हणाला, कोणी हसलं तर मुलगा देत नाही.

मी ठरवलं, याला रविवारी सकाळच्या कार्यक्रमाला बसवायचा. त्या दिवशी एका रशियन माणसाची सिम्फनी होती. तिचा शेवट रडवा आहे. ती ऐकून आलेले लोक बिल्ल्यांवरून भांडत नाहीत, लेक सासरी पाठवल्यासारखे गप्प कोट घालतात. म्हटलं, हाही जरा मऊ होईल. माझ्या नवऱ्याला, फेर्डलला, सोबत दिलं (फेर्डल ट्राम चालवायचा, आता बसल्या जागी झोपतो) आणि दोघांना शेवटच्या रांगेत, दाराला लागून बसवलं. हिर्झेगरला बजावून सांगितलं, तिसऱ्या खोकल्यानंतर पुढचं वाजवणं जिथे थांबेल तिथे टाळी, त्याआधी हात मांडीवर. आणि टाळी झाली की तडक माझ्याकडे यायचं, नाहीतर रांगेत उभं राहावं लागेल.

मी जागेवरून हलले नाही. दुसरा भाग चालू असावा (काही ऐकू येत नव्हतं, म्हणजे चालूच होता). घरून आणलेलं पिठीसाखरेचं बिस्कीट तोंडात टाकलं, साखर घशात गेली, डोळ्यांतून पाणी आलं, कानात घंटा वाजल्या, ते जाऊ दे. मग आत नगारे-तुताऱ्या सुरू झाल्या. तिसरा भाग. शेवटी धडामकन आवाज, आणि त्यानंतर एकच माणूस टाळ्या वाजवतोय. परातीवर परात आपटावी तशा. वर 'वाहवा' म्हणून ओरडला. मी मनात म्हटलं, कुठला गावंढळ आलाय आज.

दार उघडलं आणि गावंढळ माझ्याकडेच आला.

"झालं," हिर्झेगर खूश होऊन म्हणाला. "छान होतं. आटोपशीर."

त्याच्या मागे व्हायोलिनं पुन्हा सुरू झाली. दार उघडंच होतं. इतकं हळू वाजवणं मी बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं, आणि ऐकत बसायची ती वेळ नव्हती. त्याचा चेहरा त्याच्याच दुकानातल्या मांसासारखा लाल झाला.

घरी जेवून झाल्यावर त्याने तोंड उघडलं. "चाळीस वर्षं सॉसेज मोजतोय. मला तीनपर्यंत येतं. खोकले तीन झाले होते. तुम्ही मला मुद्दाम चुकीचं सांगितलंत, क्रात्कीबाई. सगळं सभागृह मान वळवून बघत होतं." मग लोरेंझला म्हणाला, "बॅग उचल."

रेसीने माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी तिचा नवरा गिळलाय. मी म्हटलं, खोकले दोनच झाले असणार, एक कोणीतरी मधेच घुसवला. फेर्डलला धरलं.

"तू खोकलास?"

"मी झोपलो होतो."

"झोपेत खोकला असशील."

"झोपेत मी घोरतो," फेर्डल म्हणाला. यावर मात्र कोणी शंका घेतली नाही.

लोरेंझ बॅग घेऊन दारापर्यंत गेला आणि घंटी वाजली. सभागृहाचा दरवान झापलेटाल. तो आमच्याच इमारतीत वर राहतो. त्याच्या हातात माझा बिस्किटांचा डबा.

"विसरलात, ओटीबाई. घसा बरा आहे ना आता? दुसऱ्या भागात अगदी पीस पडावं तसं वाजवत होते, आणि तुम्ही बाहेरून अशा खोकलात की माझं दार हललं. आतल्यांना वाटलं, परवानगी मिळाली. शंभरेक माणसं दाबून बसली होती, ती सगळी सुटली."

मी म्हटलं, बाहेरचा खोकला मोजायचा नसतो, एवढी अक्कल माणसाला हवी. कोणी ऐकलं नाही. हिर्झेगरने लोरेंझच्या हातातली बॅग घेऊन खाली ठेवली, डबा उघडला, एक बिस्कीट खाल्लं, माझ्याकडे बघितलं, आणि इतका हसला की पिठीसाखर टेबलभर उडाली. हसणारा तोच निघाल्यावर मुलगा द्यायला त्याला काही अडचण राहिली नाही.

मे महिन्यात त्यांच्या गावच्या चर्चमध्ये लग्न झालं. पाद्रीबाबा ऐन वेळी हळू आवाजात बोलत होते आणि मागे कोणीतरी खोकलं. मी नव्हे, देवाशपथ, मी पहिल्या बाकावर तोंड मिटून बसले होते. पण हिर्झेगरने आधी सगळ्या गावाला गोष्ट सांगून ठेवली होती. दोनशे माणसांनी एकदम मान वळवली, आणि पाद्रीबाबासुद्धा पुस्तक खाली ठेवून म्हणाले, ओटी क्रात्की.