उन्हाळी दौऱ्यात त्वचांची निगा

मनुष्य कुठंही गेला तरी त्याला स्वतःची कातडी बरोबर न्यावी लागते. घर मागं ठेवता येतं, बायकोला माहेरी पाठवता येतं, कुत्रं शेजाऱ्याच्या गळ्यात मारता येतं. कातडीची मात्र तशी सोय अद्याप झालेली नाही. ही गोष्ट इतकी उघड आहे की तिच्यावर परिपत्रक निघायला सन १९५७ चा मे महिना उजाडावा लागला. ते काढण्याचा मान उस्मानाबादच्या आमच्या ‘जुने दस्त जतन कचेरी’ला मिळाला. मी तिथं आवक-जावक कारकून होतो. परिपत्रकावर जावक क्रमांक मीच घातला, त्यामुळं पुढं जे झालं त्यात माझाही खारीचा वाटा आहे.

हैदराबाद राज्य मोडून आमचा मुलूख मुंबई राज्यात आला त्याला तेव्हा सहा महिने झाले होते. वरून हुकूम होता की जुने उर्दू कागद मराठीत आणा, आणि त्या मराठीत उर्दू शब्द औषधालाही सापडता कामा नये. (‘हुकूम’ हा शब्दही त्यातच गेला. त्याच्या जागी ‘आज्ञा’ आली, पण ती कुणी ऐकेना.) हे काम आमचे भाषांतरकार पंचाक्षरी यांच्याकडं होतं. शाळा उर्दूत, घरी कानडी, बाजारात मराठी. तिन्ही भाषांतल्या चुका ते सारख्याच आत्मविश्वासानं करत. हे मी स्तुती म्हणून लिहितो. पुष्कळांना एका भाषेतसुद्धा एवढा आत्मविश्वास नसतो.

एके दिवशी त्यांना एका कपाटात निजामाच्या अमदानीतलं परिपत्रक सापडलं. मथळा होता, ‘मौसमे गर्मा के दौरों में जिल्दों की हिफाजत’. पंचाक्षरींनी दौत पुढं ओढली आणि लिहिलं, ‘उन्हाळी दौऱ्यात त्वचांची निगा’. प्रवास हलका असावा, सामान थोडकं असावं, अशी सुरुवात करून पुढं सात सोपी कलमं होती:

१. दौऱ्यावर जरुरीपुरत्याच त्वचा न्याव्यात. बाकीच्या कपाटात कुलूपबंद ठेवाव्यात.
२. त्वचेवर ऊन पडू देऊ नये. ती खारव्याच्या लाल कापडात बांधून न्यावी.
३. एरंडेल तेलाचा बोळा त्वचेवरून हलक्या हातानं फिरवावा. जादा तेल फडक्यानं टिपून घ्यावं.
४. कसर-कीड लागू नये म्हणून त्वचेच्या घड्यांत कडुनिंबाचा सुका पाला घालावा.
५. प्रत्येक त्वचेच्या पाठीवर सन व अनुक्रमांक ठळक अक्षरांत लिहावा.
६. मुक्कामावर त्वचा दोन फळ्यांमध्ये दाबून सपाट करावी.
७. त्वचा फाटल्यास त्वचाकाराकडून खळ लावून शिवून घ्यावी.

आमचे साहेब मुंबईकडून नुकतेच बदलून आले होते. मराठवाड्याचं ऊन त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं आणि त्यांच्या नाकाचं साल निघालं होतं. परिपत्रक वाचून ते गहिवरले. "मागच्या सरकारनं नोकरमाणसाच्या कातडीचा एवढा विचार केला होता, आणि आपण काय करतो आहोत?" असं म्हणून त्यांनी त्याच दिवशी अंमल सुरू केला.

पहिल्या कलमाला थोडी अडचण आली. शोध घेतला तेव्हा अकरा जणांच्या कचेरीत प्रत्येकाकडं एकेकच त्वचा निघाली. मग दर शनिवारी ‘शिल्लक त्वचा: निरंक’ असं पत्रक पाठवण्याची पद्धत पडली. (ते कपाट तरीही कुलूपबंद राहिलं. किल्ली साहेबांकडं.) चौथ्या कलमाखाली अर्धं पोतं पाला एकट्या साहेबांच्या घड्यांत गेला. पाचव्या कलमात सन म्हणजे जन्माचा की नोकरीत लागल्याचा, यावर दोन दिवस लेखी चर्चा होऊन नोकरीचा ठरला. मग शिपाई गोरोबानं काळी शाई घेऊन सगळ्यांच्या पाठी रंगवल्या. माझ्या पाठीवर १९५१/७ आलं. गोरोबाला अंघोळ घालताना त्याच्या बायकोनं हे काय म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "घासू नगंस. सरकारी हाय."

या सगळ्यात एकच माणूस हसत नव्हता. ते शब्बीरचाचा, आमचे जिल्दसाज. कचेरीतल्या साडेचारशे बाडांची बांधणी त्यांच्या हातची. पुठ्ठा कापणं, चामडं चढवणं, पाठ शिवणं यात त्यांची चोवीस वर्षं नऊ महिने नोकरी झाली होती. पंचविसावं वर्ष भरलं की पेन्शन होती, म्हणजे तीन महिने बाकी. भाषांतरात त्यांचा हुद्दा ‘त्वचाकार’ झाला होता, आणि साहेबांनी लेखी कळवलं होतं की एकतीस मे रोजी सर्वांच्या त्वचा तपासल्या जातील. एक जरी फाटलेली निघाली तरी त्वचाकाराचं पद रद्द होईल.

शब्बीरचाचा साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. "साब, ह्ये आदम्याच्या कातडीचं न्हाय. जिल्द म्हंजे किताबाची जिल्द. पुठ्ठा, चामडं, शिलाई. आपल्या बाडांसाठी लिवलंय ते."

"लेखी द्या," साहेब म्हणाले.

चाचांना लिहिता येत होतं ते उर्दू. त्यांनी उर्दूत अर्ज लिहिला. उर्दू अर्ज नियमाप्रमाणं भाषांतराला पंचाक्षरींकडं गेला, आणि तिथून साहेबांच्या टेबलावर जी मराठी पोचली ती अशी: ‘महोदय, त्वचा माणसाची नसते, त्वचा पुस्तकाची असते. गेली चोवीस वर्षं मी पुस्तकांना त्वचा शिवत आलो आहे. पुस्तकांच्या त्वचा उन्हानं तडकत आहेत, तरी दया व्हावी.’

साहेबांनी शेरा मारला: ‘अर्जदारास ऊन लागलेलं दिसतं. कलम ३ प्रमाणे तेल लावावं.’ गोरोबानं लावलं.

मी पंचाक्षरींना बाजूला घेऊन म्हणालो, "अहो, मराठीतसुद्धा जिल्द म्हणजे बांधणीच की."

"ती बाजारातली जिल्द," पंचाक्षरी म्हणाले. "अस्सल उर्दूत जिल्द म्हणजे त्वचा. कुठल्याही हकिमाचं पुस्तक काढून बघा." आणि हे खरंच होतं, हीच तर पंचाईत होती. शिवाय मराठीत जिल्दीला जिल्दच म्हणतात आणि तो शब्द लिहायला बंदी, तेव्हा त्यांनी दुसरं लिहायचं तरी काय? मी माझ्या टेबलावर परत आलो. माझ्या पाठीवरचा क्रमांक नुकताच वाळला होता.

वीस मे रोजी सोनारीचा दौरा निघाला. परांडा तालुक्यातल्या लोकांना जुन्या नोंदींवरून आपापले बांध बघून घ्यायचे होते, त्यासाठी सहा बाडं घेऊन पंचाक्षरी, शब्बीरचाचा आणि मी जायचं होतं. पूर्वी असल्या दौऱ्याला एक ट्रंक लागे आणि तिच्यात बाडं असत. या खेपेला आम्ही साध्या उन्हाळी निगेचं सुटसुटीत सामान बांधलं, ते असं: एरंडेलाच्या तीन बाटल्या, तेलाचे बोळे छत्तीस, फडकी बारा, कडुनिंबाचा पाला एक गोणी, माणशी दोन याप्रमाणं सागवानी फळ्या सहा, आणि खळीचं एक डबडं (त्वचा वाटेत उसवली तर). एवढं भरल्यावर ट्रंकेचं झाकण बसेना. ते बसवायला गोरोबा तिच्यावर बसला. बाडांना जागा उरली नाही.

"प्रवास हलका ठेवायचा आहे," पंचाक्षरी म्हणाले, "बाडं टपावर टाका."

बाडं सुतळीनं बांधून मोटारीच्या टपावर गेली, उघडीच. कारण खारवा आमच्या अंगावर होता. आम्ही तिघं डोक्यापासून घोट्यापर्यंत लाल खारव्यात गुंडाळून, तोंडाला तेल लावून, खिडकीपासून लांब बसलो. शेजारच्या बाकावरच्या एका म्हातारीनं आमच्या पायांवर डोकं ठेवलं आणि कुठल्या देवाचे म्हणून विचारलं. पंचाक्षरींनी कचेरीचा पूर्ण पत्ता सांगितला.

येरमाळ्याच्या अलीकडं ऊन ऐन भरात आलं. टपावर काहीतरी फडफडू लागलं. पहिल्यांदा एक, मग पुष्कळ. शब्बीरचाचांनी मान वर केली. चोवीस वर्षं ज्यानं पाठी शिवल्या त्याला तो आवाज कळणारच.

"साब! जिल्द उखडायलीय!" चाचा ओरडले.

पंचाक्षरींनी घाईघाईनं स्वतःचा गळा चाचपला, मग दोन्ही कान, मग नाकाचा शेंडा. "छे, शाबूत आहे. तुमची बघा."

"माझी न्हाय ओ! वरली! वरली!"

पंचाक्षरींनी चाचांच्या टाळूला तेल लावलं. चाचांनी खारवा फेकून दिला आणि ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली. ड्रायव्हरनं आरशात बघितलं. तेलानं चमकणारा एक माणूस हातवारे करत होता आणि दोन लाल माणसं त्याला खाली ओढत होती. त्यानं गाडीचा वेग वाढवला. मागच्या काचेतून मी पाहिलं, सगळा रस्ता पानांनी भरला होता. दुकानांसमोरून, लिंबाच्या झाडांखालून, बैलांच्या पायांतून पानं पळत होती.

सोनारीला उतरलो तेव्हा टपावर सुतळी होती आणि सुतळीत सहा पुठ्ठे. देवळासमोर लोक सकाळपासून बसून होते. पहिला नंबर दगडोबाचा. त्याला भावाशी लागलेला बांध बघायचा होता. त्यानं रिकाम्या पुठ्ठ्यात डोकावून पाहिलं, मग आमच्याकडं पाहिलं.

"साहेब, तुमी लई तुकतुकीत दिसायलाव," तो म्हणाला. "आन माझा बांद?"

पंचाक्षरींनी दौऱ्याच्या अहवालात लिहिलं: ‘ग्रामस्थांनी त्वचांबद्दल समाधान व्यक्त केलं.’

एकतीस मे रोजी तपासणी झाली. एकूण त्वचा अकरा. फाटलेल्या शून्य. तुकतुकीत नऊ, बऱ्या दोन. कसर निरंक. साहेबांच्या नाकावर नवं साल आलं होतं. सगळ्यांनी शब्बीरचाचांचं अभिनंदन केलं, की नोकरी वाचली. संध्याकाळी साहेबांचा कागद आला: ‘ज्या अर्थी एकही त्वचा फाटलेली नाही, त्या अर्थी त्वचाकारास काम नाही. सबब पद रद्द.’ जावक क्रमांक मीच घातला. तो कागद चाचांच्या हातात देताना मला लाज वाटली. परिपत्रकात तसं कलम नव्हतं, तरी वाटली.

चाचांनी दाभण, दोरा, खळीचं डबडं मोजून गोरोबाच्या ताब्यात दिलं आणि मला म्हणाले, "तुमी तरी सांगायचं हुतं की ओ." ते उठले आणि येरमाळ्याला जाणारी मोटार धरली.

तिथल्या रस्त्यावरच्या दुकानांतून त्या उन्हाळ्यापासून गरम भजी जाड, पिवळसर, चांगल्या कागदात बांधून मिळत होती. चाचा रोज एका दुकानासमोर बसत. खाणाऱ्याचं खाऊन झालं की हात जोडून कागद मागून घेत, फडक्यानं तेल टिपत, उन्हापासून जपत घरी नेत आणि दोन फळ्यांमध्ये दाबून सपाट करत. सात कलमांचा इतका बिनचूक अंमल आमच्या कचेरीत कधीच झाला नाही. दोन वर्षांत त्यांनी दोनशे बारा पानं जमवून त्यांचं बाड बांधलं. पाठीवर सन आणि क्रमांक घातला. त्यातलं तेरावं पान दगडोबाच्या बांधाचं निघालं. त्याला अजून कांद्याचा वास येतो, पण बांध स्पष्ट दिसतो.

मूळ पानं अठराशे चाळीस होती. उरलेल्या सोळाशे अठ्ठावीस पानांचं काय झालं याची चौकशी अजून चालू आहे, आणि ती आता आपल्यापर्यंत, म्हणजे हे वाचणाऱ्यापर्यंत, येऊन पोचली आहे. आपण त्या बाजूनं जाताना मोटार थांबल्यावर उतरून भजी खाल्ली होती. मग कागदाला बोटं पुसली, चेहऱ्यावर धूळ बसली म्हणून रुमालानं तोंड चोळून चोळून पुसलं, आरशात बघितलं, आणि कागदाचा बोळा करून खिडकीतून टाकला. त्यावर काय लिहिलंय ते आपण बघितलं नाही. आपल्या आजोबांचं शेत होतं त्यावर.

हरकत नाही. ज्यांची नोंद सापडत नाही त्यांच्यासाठी कचेरीनं सोय केली आहे. अर्जदारानं पाठीवर सन व अनुक्रमांक ठळक अक्षरांत लिहून समक्ष हजर राहावं. त्याची त्वचा हाच पुरावा धरला जाईल. येताना तेल लावून यावं.