कोरडे हस्तप्रक्षालन

सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला निदान एकदा तरी जनता जवळून दाखवावी, असा अभ्यासक्रमाचा नियम आहे. त्या नियमाला अनुसरून मुलुंडच्या कल्पिताला प्रत्यक्ष अनुभवासाठी घाटकोपरच्या टेकडीवरची उंबरवाडी नेमून देण्यात आली. काम सोपं होतं. वस्तीला शास्त्रोक्त पद्धतीने हात धुवायला शिकवायचं.

साबणाच्या वड्या, चित्रांचा तक्ता आणि पोटभर माया घेऊन ती टेकडी चढली. गल्लीच्या तोंडाशी नळ होता. तिने तो सोडला. नळाने एक लांब उसासा टाकला आणि तो गप्प झाला.

"पाणी पहाटे येतं गं पोरी," नळासमोरच्या दारातून अंजनाबाई म्हणाल्या. "कोंबड्याच्या आधी येतं आन् चहा उकळायच्या आत जातं."

"आणि दिवसभर?"

"दिवसभर तुझ्यासारखे येतात."

कल्पिताने तिथल्या तिथे शब्द दिला, "मावशी, दिवसा पाणी आणून दाखवते."

आरोग्य केंद्राचे समन्वयक सुबोध सर समजूतदार होते. समजूतदारपणावरच त्यांची बढती झाली होती. "हे बघ," ते म्हणाले, "हात आपल्या खात्याकडे येतात, पाणी पाणीखात्याकडे. मी त्यांच्या पाण्यात हात घालत नाही, ते आपल्या हातावर पाणी घालत नाहीत. तू शिकवणं चालू ठेव."

दुसऱ्या दिवशी कामं टाकून बायका जमल्या. त्यांना तसंच परत पाठवणं कल्पिताच्या जिवावर आलं. "आज नुसती कृती शिकू या. पाणी आहे असं समजा."

"त्याची प्रॅक्टिस आहे आपल्याला," शेजारची निशा म्हणाली. "कर चालू."

हवेतल्या नळाखाली ओंजळी गेल्या. तळव्यावर तळवा, बोटांत बोटं, अंगठ्याभोवती फेर. हातांना लय सापडली, तशी अंजनाबाईंच्या ओठी ओवी आली:

पहिली माझी ओवी गं टेकडीच्या नळा
पाण्याविना सुकला बाई तुझा गळा
दुसरी माझी ओवी गं वाऱ्याला सांगते
हात तूच धू रे, टुवाल उन्हाला मागते

कल्पिताला भरून आलं. गाऱ्हाणं वरपर्यंत पोचावं म्हणून तिने मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि सरांना पाठवला.

तो पोचला. फार वरपर्यंत पोचला. आठवड्याभरात परिपत्रक निघालं. उपक्रमाचं नाव, 'कोरडे हस्तप्रक्षालन'. चिखल होत नाही, डास होत नाहीत, साबण झिजत नाही, असे त्याचे फायदे नमूद होते. साबण झिजत नसल्याने कल्पिताच्या वड्या केंद्रात जमा करून घेण्यात आल्या. मग पथकं येऊ लागली. बायका पदर खोचून हवेत हात धुऊन दाखवायच्या. टेकडी चढून घामाघूम झालेल्या पाहुण्यांसाठी बाटलीबंद पाण्याची सोय असायची.

"हसू आवर गं," निशा शेजारणीला दटावायची. "साहेब समोर आहेत. नीट घास ना कोपर!"

कल्पिताची मात्र झोप उडाली. "सर, हात धुतलेच जात नाहीयेत. मुलांना जुलाब चालूच आहेत."

"जुलाब हा वेगळा कार्यक्रम आहे. त्याला वेगळी विद्यार्थिनी आहे."

"मग उपक्रम फसला, असं मी लिहून देते."

सर कळवळले. "अगं, अपयश असतं तर लगेच मागे घेतलं असतं. यश मागे घ्यायची प्रक्रियाच नाही आपल्याकडे."

शेवटी अंजनाबाईंना सोबत घेऊन ती पाणीखात्यात गेली. उंबरवाडीचं नाव ऐकताच अभियंता देवेश साहेब खुर्चीतून उठले. या खात्यात टेकडीवरच्या माणसासाठी कुणी उठल्याची ही पहिलीच वेळ.

"या, या! काय सेवा करू?"

"दिवसा पाणी पाहिजे," अंजनाबाई म्हणाल्या.

"कशाला?" साहेबांना खरंच कळेना.

"हात धुवायला."

"पण बाई, हात तर तुम्ही पाण्याशिवाय धुता! देशाला शिकवताय! तुमची गरज घटली, म्हणून पहाटेचं पाणी आम्ही कालपासून एक दिवसाआड केलंय. आता भांड्यांचंही काही जमतंय का बघा."

अंजनाबाईंनी कल्पिताकडे पाहिलं. "मिळाला का गं अनुभव?"

"मिळाला, मावशी." तिचे डोळे भरले. उंबरवाडीच्या वाट्याला दिवसाढवळ्या आलेलं पाणी ते एवढंच. ते पुसून तिने विचारलं, "साहेब, आमच्या वाटणीचं उरलेलं पाणी गेलं कुठे?"

"वाया नाही हो घालवलं! टेकडीखालच्या सोसायट्यांना दिलं. तिथल्या लोकांना अजून पाण्याशिवाय हात धुता येत नाहीत. सुशिक्षित आहेत ना, शिकायला वेळ लागतो."

अंजनाबाईंनी पदर खोचला. "मग चल पोरी. त्यांना शिकवून येऊ. ते शिकले की आपलं पाणी आपल्याला."

"एकदम झकास!" साहेब म्हणाले आणि त्यांनी दौरा मंजूर केला.

तेव्हा, वाचकहो, गेल्या आठवड्यापासून तुमच्या बेसिनला धार जरा बरी येतेय, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. येत्या रविवारी बेल वाजेल. एक शिकाऊ मुलगी आणि एक म्हातारी उभी असेल. "आम्हाला काही नको" म्हणून दार लावू नका. त्या काही द्यायला आलेल्या नाहीत.

आणि दार उघडायला याल, तेव्हा आतला नळ तेवढा बंद करून या.